डॉक्टरांना ‘बरं आहे’ सांगितलं आणि आमचे दोन टक्के गेले

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर तालुक्याच्या दिव्यांग तपासणी शिबिराची बातमी होती, फोटो पण होता, मंडपात खुर्च्या आणि पुढे साहेब लोक सत्कार घेताना. सगळ्यात खाली एक ओळ होती की कागदपत्रं अपुरी असल्यामुळे बऱ्याच जणांना परत जावं लागलं. त्या एका ओळीवरच मला लिहायचंय. कागदपत्रं अपुरी म्हणजे नक्की काय कमी होतं हे ना बातमीत होतं ना तिथे कुणी सांगितलं असेल, आणि आम्ही पण २०२३ मध्ये असेच हात हलवत परत आलोय, तेव्हा आमच्याकडे कागद कमी नव्हते हो, कापडी पिशवी गच्च भरून होते, एमआरआयच्या प्लेटा वेगळ्या.

जिल्ह्याचं आणि दवाखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका साहेबाला धरून काही होणार नाही, सगळीकडे हेच चालतंय असं रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाकडून ऐकलंय.

आमचे हे टेलर. २०२२ च्या जून महिन्यात, म्हणजे शाळा सुरू व्हायच्या तोंडावर, युनिफॉर्मचं काम डोक्यावर, रात्री दोन दोन वाजेपर्यंत मशीन चालू, अशात एका सकाळी उठले तर डावी बाजू लुळी. प्रायव्हेटमध्ये नेलं, मेंदूत रक्ताची गाठ अडकलीय, पॅरालिसिस आहे म्हणाले, अकरा दिवस ठेवलं. वाचले हेच खूप असं तेव्हा वाटलं. वाचा गेली नाही, तोंड थोडं वाकडं होतं ते पण सरळ झालं. घरी आलो. चाळीस पोरांचे युनिफॉर्म अर्धवट कापलेले तसेच पडलेले, ते माझ्या दिराने दुसऱ्या टेलरकडे नेऊन दिले.

सहा महिने थांबा, मग दिव्यांगाच्या सर्टिफिकेटला जा असं सगळे म्हणाले आणि ते बरोबर पण आहे, पॅरालिसिससारख्या आजारात साधारण सहा महिने झाल्यावरच दिव्यांगपणाचे टक्के बघतात कारण तोवर सुधारणा होत असते. तेवढ्यात ३ डिसेंबर २०२२ ला आपल्या सरकारने दिव्यांगांसाठी वेगळा विभागच काढला, देशात पहिला म्हणून टीव्हीवर दाखवत होते, मला वाटलं आपला नंबर बरोबर वेळेवर लागला. सेतूवाल्याकडून ऑनलाइन अर्ज भरला, स्वावलंबनच्या पोर्टलवर, फोटो आधार सगळं जोडून, आणि जानेवारीत सिव्हिलला टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांचं बोर्ड बसतं त्या दिवशी पहाटेची एसटी पकडून गेलो.

आता तिथे काय झालं ते नीट सांगते कारण सगळी गोम त्यातच आहे. नऊला टोकन मिळालं, नंबर लागला दुपारी पावणेतीनला. आत डॉक्टर, समोर टेबलावर फायलींचा ढीग, बाहेर दीडशे माणूस, त्यांना तरी किती वेळ मिळणार. यांना म्हणाले हात वर करा. आता आमच्या ह्यांचा स्वभाव असा की परक्या माणसासमोर कमीपणा घ्यायचा नाही, त्यात डॉक्टर वयाने पोरगा, यांनी दातओठ खाऊन खांदा उचलला आणि हात कसाबसा छातीच्या वर नेला. डॉक्टर म्हणाले चालून दाखवा, हे चालले, सहा पावलं. घरी त्याच माणसाच्या पायातून चप्पल निसटून मागे राहते आणि त्यांना कळत पण नाही, मी मागून चप्पल उचलत चालते, पण सहा पावलांत चप्पल नाही निसटली त्या दिवशी. काय त्रास आहे विचारलं तर म्हणाले, बरं आहे साहेब आता, पहिल्यापेक्षा खूप बरं आहे.

मग डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्ड उघडलं. त्यात आजाराचं नाव इंग्रजीत मोठ्ठं, खाली डाव्या हातापायाची ताकद ५ पैकी ४, आणि शेवटी शिक्का, इम्प्रूव्ड. त्यापुढचे सहा महिन्यांचे केस पेपर बघितले तर प्रत्येकावर तेच, सीएसटी. मला वाटायचं ते तपासणीचं नाव आहे. नंतर कळलं, कंटिन्यू सेम ट्रीटमेंट, म्हणजे त्याच गोळ्या चालू ठेवा. दोन कागदांवर लिहिलेलं, नवीन तक्रार नाही. संपलं.

सर्टिफिकेट आलं ते ३८ टक्क्यांचं, तात्पुरतं, एका वर्षाने फेरतपासणी. ४० च्या खाली असेल तर निराधारचे पैसे नाहीत, एसटीची ७५ टक्के सवलत नाही, ग्रामपंचायतीच्या दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के निधीत नाव नाही, काही नाही. दोन टक्क्यांनी हुकलं. पेपरात एका मार्काने नापास झालेल्या पोराला शाळा ग्रेस देते, इथे ग्रेस नाही.

मी घरी येऊन खूप रडले आणि डॉक्टरला शिव्या दिल्या, खोटं कशाला बोलू. पण नंतर शांतपणे विचार केला तर त्या माणसाने त्याच्यासमोर जे होतं तेच लिहिलं. यांनी सांगितलं बरं आहे, कागद सांगत होता इम्प्रूव्ड, ताकद चार. त्याने कशावरून जास्त टक्के द्यायचे? आणि ती ताकद चार कधीची, तर डिस्चार्जच्या दिवसाची, जूनची. त्यानंतर हात आखडत गेला, मूठ आवळली की उघडेना, बोटं एक एक करून मी सोडवायचे, हे सगळं ऑगस्ट सप्टेंबरमध्ये झालं आणि ते कुठल्याच कागदावर नाही. प्रत्येक वेळी आम्ही दवाखान्यात गेलो, डॉक्टरांनी विचारलं कसं काय, यांनी सांगितलं बरं आहे, त्यांनी लिहिलं सीएसटी. आपल्याकडे कसंय ना, डॉक्टरने कसे आहात विचारलं की बरं आहे म्हणायची रीतच आहे, जसं कुणी जेवलात का विचारलं की हो म्हणतो. त्या रीतीचे आमचे दोन टक्के गेले.

अजून एक, जे वाचून तुम्हाला पटणार नाही. आमचे हे डावखुरे आहेत. लहानपणी मास्तरांनी हातावर छड्या मारून लिहायला उजव्या हाताने शिकवलं पण जेवण सोडलं तर कात्री, सुई, बाकी सगळं डाव्याने. डाव्या हाताची कात्री वेगळी मिळते, ती मुंबईहून मागवलेली, वीस वर्षं वापरलेली. म्हणजे पॅरालिसिस ज्या बाजूला झाला तीच यांची पोटापाण्याची बाजू. टक्के काढताना कुठला हात कामाचा आहे याला वेगळं महत्त्व असतं असं मागाहून कळलं. पण कुणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही, डावी बाजू गेली म्हटल्यावर समोरचा धरूनच चालतो की उजवा हात शाबूत आहे, काम चालेल. सहा महिन्यांच्या त्या सगळ्या कागदांमध्ये, सांगते ना, डावखुरा हा शब्द एकदा पण नाही.

हे मला ज्या मुलीने सांगितलं ती ग्रामीण रुग्णालयात फिजिओ आहे. मी तिच्याकडे यांना व्यायामाला न्यायचे आठवड्यातून दोनदा. तिने फाईल चाळली, म्हणाली, काकू यात आजार सगळा आहे पण काकांना काय येत नाही ते कुठेच नाही. मी म्हटलं म्हणजे? ती म्हणाली, बोर्ड आजाराला टक्के देत नाही, आजारामुळे शरीराचं काय काय थांबलं त्याला टक्के देतं. केंद्राच्या ज्या मार्गदर्शक सूचना आहेत, २०१८ ला निघाल्या आणि २०२४ मध्ये परत सुधारल्या, त्यावर सगळीकडे टक्के काढतात आणि त्यात प्रत्येक प्रकाराला मोजायची पद्धत ठरलेली आहे. एमआरआयच्या प्लेटा आम्ही देवाच्या फोटोसारख्या जपल्या होत्या, त्या तर कुणी उजेडाला धरून पण बघितल्या नाहीत. एमआरआय सांगतो मेंदूत कुठे इजा झाली, बटण लावता येतं का ते एमआरआय कसं सांगणार.

निकाल मान्य नसेल तर ९० दिवसांच्या आत अपील करता येतं हे पण तिनेच सांगितलं. मी दिवस मोजले, एकशे चार झाले होते. सर्टिफिकेटसोबत ही एक ओळ कुणी तोंडी जरी सांगितली असती तरी चाललं असतं. आणि अर्ज पूर्ण नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं, हे २०१७ च्या नियमांत आहे, पण आमचा नाकारला कुठे होता, आमचा तर ३८ ने मंजूर झाला होता.

मग वर्षभर आम्ही काय केलं ते लिहिते, कुणाच्या तरी उपयोगाला येईल.

पहिलं म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला लागले. ज्या तारखेला जे झालं ते त्या तारखेच्या चौकोनात, पेन्सिलीने. न्हाणीत पडले. शर्टाचं बटण नाही लागलं. चहाचा कप सुटला, पाय भाजला. रात्री हातात वांब आला, झोप नाही. जास्त काही नाही, चार पाच शब्द. महिना संपला की ते पान फाडून फाईलला. पण लक्षात ठेवा, बायकोने लिहिलेलं कॅलेंडर बोर्डासमोर ठेवून नुसतं भागत नाही, तो पुरावा म्हणून कितपत धरतील सांगता येत नाही. त्याचा उपयोग असा की दर महिन्याला डॉक्टरांकडे गेलं की मी ते पान समोर ठेवायचे आणि म्हणायचे डॉक्टर, यातलं जे तुम्हाला खरं वाटतं, तपासून पटतं, ते केस पेपरवर लिहा. पहिल्यांदा डॉक्टर वैतागले. दुसऱ्यांदा लिहिलं. तिसऱ्या महिन्यापासून स्वतःच विचारायला लागले, काय वहिनी, या महिन्यात काय. अशा सात आठ कागदांवर तारखेनिशी, सहीशिक्क्यानिशी, रजिस्ट्रेशन नंबरासकट आलं की डावा हात आखडलेला आहे, मूठ आपोआप उघडत नाही, पाय घासत चालतात, दोनदा पडले, रुग्ण डावखुरा असून व्यवसाय शिलाई. ही एक ओळ लिहायला डॉक्टरला अर्धं मिनिट लागतं.

हे आता ज्या डॉक्टर लोकांच्या वाचनात येईल त्यांना हात जोडून सांगते, सीएसटीच्या खाली ती एक ओळ लिहीत जा. जे दिसतंय तेवढंच, वाढवून सांगायला कुणी म्हणत नाही. तुम्ही पेशंटला वर्षभर बघता, बोर्ड तीन मिनिटं बघतं.

दुसरं, फिजिओचा रिपोर्ट. तिने एक मोठा कोनमापक आणला, शाळेच्या कंपासपेटीतल्याचा थोरला भाऊ म्हणा, आणि खांदा किती उचलला जातो, कोपर किती सरळ होतं, मनगट किती मागे वळतं ते अंशात मोजून लिहिलं. खांदा बाजूने १८० च्या जागी ७० अंश. हे आकडे बघून मला पहिल्यांदा कळलं की यांनी बोर्डासमोर जो हात उचलून दाखवला होता तो खांदा नव्हताच, कंबर वाकवून, मान वाकडी करून उचललेला होता. तिने ते पण लिहिलं. हा रिपोर्ट तिने सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा केला म्हणजे सुधारणा थांबली आहे हे कागदावर दिसेल. एका दिवसाचा रिपोर्ट त्या एका दिवसाचाच असतो, दोन रिपोर्ट समोर असले की मधल्या काळात फरक पडला की नाही ते बोर्डाला न सांगता दिसतं.

तिसरं, पहिल्या दवाखान्याचा पूर्ण रेकॉर्ड. आमच्याकडे फक्त डिस्चार्ज कार्ड होतं, अकरा दिवसांचे नर्सिंगचे, डॉक्टरांचे रोजचे कागद नव्हते. मागायला गेले तर काउंटरवरची म्हणाली जुनं रेकॉर्ड मिळत नाही, वरच्या मजल्यावर आहे, किल्ली नाही. तीनदा हेलपाटे घातले. मग एका वकिलाच्या कारकुनाने सांगितलं, तोंडी मागू नका, साध्या कागदावर अर्ज करा आणि झेरॉक्सवर पोच घ्या. मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम आहेत त्यात ॲडमिट पेशंटचा रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं सांभाळायचा आणि पेशंटने मागितला की ७२ तासांत द्यायचा असं आहे. अर्जात तेवढं एक वाक्य टाकलं, पोच घेतली, चौथ्या दिवशी किल्ली सापडली. ३ वर्षांच्या आत मागा मात्र, लोक पाच पाच वर्षांनी जातात आणि मग खरंच काही उरलेलं नसतं.

त्या कागदांत काय मिळालं माहितीये का? दुसऱ्याच दिवशीच्या पानावर एका नर्सने लिहिलेलं, पेशंट लेफ्ट हॅन्डेड, जेवायला मदत लागते. दीड वर्षं मी जो शब्द शोधत होते तो एका नर्सच्या अक्षरात होता. ती कोण, आता कुठे आहे, काही माहीत नाही. तिचे उपकार.

मधे एक एजंट पण भेटला, भेटतोच. सिव्हिलच्या बाहेर रसवंतीवर. म्हणाला ताई कागद कशाला गोळा करता, आकडा सांगा, साठ करून देतो, पंच्याहत्तर करून देतो, रेट वेगळा वेगळा. मी सरळ नाही म्हटलं आणि ते काही मी फार साधू आहे म्हणून नाही. २०२४ मध्ये ते पुण्याच्या प्रशिक्षणार्थी अधिकारी बाईंचं सर्टिफिकेटचं प्रकरण गाजलं, त्यानंतर खऱ्या दिव्यांगाकडे पण लोक संशयाने बघायला लागलेत, नोकरीवाल्यांच्या फेरतपासण्या निघाल्या. आणि २०१६ च्या कायद्यात खोटेपणाने लाभ घेतला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असं स्पष्ट आहे. एजंट पैसे घेऊन रसवंतीवरून उठून जाईल, जेलमध्ये आमचे हे जातील.

दुसरा बोर्ड २०२४ मध्ये झाला. यावेळी पिशवी नेली नाही, साधी पुठ्ठ्याची फाईल नेली. वर एक कागद, त्यावर मीच मराठीत लिहिलेली यादी, कुठल्या तारखेला काय, कुठला कागद कितव्या पानावर. त्याखाली फिजिओचे दोन रिपोर्ट, मग केस पेपर, मग जुना रेकॉर्ड, एमआरआयचा फक्त लेखी रिपोर्ट, प्लेटा घरी. आणि पर्समध्ये ती कात्री. आदल्या रात्री मी यांना बजावलं होतं, उद्या बरं आहे म्हणायचं नाही. म्हणाले मग काय रडू का तिथे? म्हटलं रडू नका, वाढवून पण काही बोलू नका, विचारतील त्याचं खरं उत्तर द्या, घरी कसं करता ते सांगा, चांगल्या दिवसाचं नका सांगू फक्त.

यावेळी मॅडम होत्या. यादी वाचली, मान वर केली, म्हणाल्या डावखुरे आहात का तुम्ही? मी कात्री काढून दिली. यांनी ती डाव्या हातात धरली, धरली म्हणजे मॅडमनी अंगठा आणि बोटं कड्यांत घालून दिली. म्हणाल्या हा कागद कापा. कात्री बंद होती ती बंदच राहिली, उघडेना, कपाळावर घाम आला, सगळा हात थरथरायला लागला आणि उघडेचना. आवळायची ताकद आहे, उघडायची नाही. मॅडम म्हणाल्या राहू द्या, राहू द्या. हे खिडकीकडे बघत राहिले. वीस वर्षांत माझ्यासमोर या माणसाने किती हजार मीटर कापड कापलं असेल.

५५ टक्के आले. मला त्यात आनंद झाला असं लिहायला पण कसंतरी वाटतं, नवऱ्याचा हात निम्म्याहून जास्त गेला याचा कागद मिळाला म्हणून बाई एसटी स्टँडवर पेढे घेते, पण घेतले, खरं ते सांगते.

तहसीलला संजय गांधी निराधारचा अर्ज केला, त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो, दिव्यांगासाठी वर्षाला ५० हजारांच्या आत, रहिवासी दाखला, रेशन कार्ड, ते सगळं तलाठी आणि सेतूच्या पायऱ्या झिजवून झालं, त्याची वेगळी कथा आहे, आज नको. तेव्हा महिन्याला १५०० होते, २०२५ च्या ऑक्टोबरपासून दिव्यांगांना २५०० झाले. फार नाहीत. गोळ्या, फिजिओला जायचं यायचं भाडं आणि गॅस, संपले.

आता बाकीच्या आजारांचं मला जेवढं रांगेत बसून कळलं तेवढं सांगते, मी काही डॉक्टर नाही. १९९५ च्या जुन्या कायद्यात ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले, त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, ॲसिड हल्ला सगळं आलं, आमच्या इकडे अजून कित्येकांना वाटतं की हात पाय डोळे कान एवढंच चालतं. विदर्भातल्या सिकलसेलच्या पोरांच्या आयांना तर माझं कळकळीने सांगणं आहे, दर वेळी ॲडमिट झाल्याचा, रक्त चढवल्याचा कागद टाकून देऊ नका, पोरगं बोर्डाच्या दिवशी हसत खेळत असतं, कागदच बोलणार.

कानाचं गणित तर फारच वेगळं. माझ्या शेजारणीचा एक कान पूर्ण गेला, ती म्हणायची अर्धं ऐकणं गेलं म्हणजे ५० टक्के मिळतील. तसं नसतं, चांगल्या कानाच्या टक्क्यांना ५ ने गुणायचं, त्यात वाईट कानाचे मिळवायचे आणि ६ ने भागायचं, म्हणजे तिचे सतराच्या आसपास येतात. ती दोन वेळा भाडं घालून जाऊन आली, आधी कुणी सांगितलं असतं तर गेली नसती. तसंच दोन व्यंगांचे ३० आणि ३० मिळून ६० होत नाहीत, त्याला पण सूत्र आहे, ५० होतात.

आणि मनाच्या आजाराचं सगळ्यात अवघड, कारण तिथे पेशंट पाच मिनिटं व्यवस्थित बोलला की समोरच्याला काही दिसतच नाही. तिथे आयडियाज म्हणून एक पट्टी लावतात, त्यात स्वतःची काळजी घेतो का, माणसांशी कसा वागतो, बोलणं समजतं का, काम करू शकतो का, आणि आजार किती वर्षांचा आहे हे बघतात. म्हणजे घरचं माणूस सोबत असलंच पाहिजे आणि जुने कागद असलेच पाहिजेत. पण आपल्याकडे मनाच्या डॉक्टरची चिठ्ठी घरात कुणी बघू नये म्हणून लोक फाडून टाकतात, माझ्या मावसबहिणीने मुलाच्या सहा वर्षांच्या चिठ्ठ्या चुलीत घातल्या होत्या, लग्न जमवायचं होतं म्हणून. आता तो पस्तिशीचा आहे, लग्न झालं नाहीच आणि आजार कधीपासूनचा ते दाखवायला एक कागद नाही.

संपादक साहेब, माझी मागणी मोठी नाही. जिथे जिथे बोर्ड बसतं तिथे टोकनच्या खिडकीजवळ मराठीत एक मोठा फलक लावा, कुठल्या प्रकाराला कुठली तपासणी आणि कुठले कागद लागतात, किती जुने चालतात, निकाल पटला नाही तर ९० दिवसांत कुणाकडे जायचं. पूर्वी सर्टिफिकेट द्यायला एक महिन्याची मुदत होती, २०२४ च्या दुरुस्तीत ती तीन महिने केली, त्यांना वेळ वाढवून मिळाला तर आम्हाला निदान माहिती वाढवून मिळू द्या. आणि आपल्या राहत्या जिल्ह्यातच जावं लागतं असा जो समज आहे तो पण काढा, ज्या सरकारी दवाखान्यात त्या आजाराचे उपचार घेतले तिथे पण अर्ज करता येतो. आमच्या गावचे दोन जण मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात वर्षानुवर्षं उपचार घेतात, तिथल्या डॉक्टरांना त्यांचं सगळं माहिती, आणि सर्टिफिकेटला मात्र इथे येऊन नव्या माणसाला पहिल्यापासून सांगत बसतात.

तुमच्या पेपराला पण एक विनंती. पुढच्या शिबिराची बातमी शिबिर झाल्यावर सत्काराच्या फोटोसकट नका छापू, पंधरा दिवस आधी छापा आणि त्यात कागदांची यादी छापा. कागदपत्रं अपुरी ही ओळ लिहायची वेळ आलीच तर वार्ताहराला परत गेलेल्या दोघा तिघांना विचारायला सांगा की त्यांना नक्की कुठला कागद नाही म्हणून परत पाठवलं. मला खात्री आहे, निम्म्यांना सांगता येणार नाही, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसणार.

पत्र फार लांबलं, तुम्ही कापणार हे माहिती आहे, कापा, फक्त ९० दिवसांचं आणि ७२ तासांचं ठेवा.

आपली,
एका टेलरची बायको

ता. क. – ईसीजीचा कागद चकचकीत असतो तो वर्षा दोन वर्षांत पांढरा पडतो, आमचा पडला. मिळाला त्याच दिवशी झेरॉक्स काढा. आणि ओरिजिनल फाईल कुणाच्याच टेबलावर सोडू नका, साहेब कितीही चांगले असले तरी.